आंबोलीच्या पावसाळी रात्रींसाठी ६० मिमी की १०० मिमी मॅक्रो?

आंबोलीत बेडूक आणि साप टिपायचे असतील, तर माझ्या मते १०० मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठे फोटो टिपणारी, लेन्सच घ्यावी. ६० आणि १०० मिमी या दोन्ही लेन्स १:१ प्रतिमा देतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर विषय त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो. फरक पडतो तो विषयापासूनच्या अंतराचा. १०० मिमीच्या लेन्सवर लिहिलेले सुमारे ३० सेंमी हे किमान अंतर सेन्सरपासून मोजलेले असते, त्यामुळे १:१ला लेन्सच्या काचेपुढे जेमतेम वीतभरही जागा उरत नाही, आणि ६० मिमीत तर ती त्याहूनही कमी होते. मलबारी चापडा हा साप विषारी आहे. त्याच्या बाबतीत १:१चा मोह पूर्णपणे टाळावा आणि दुरून टिपून नंतर चौकट कापावी.

खरा कस लागतो तो प्रकाशाचा. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १:१ला लेन्सचे छिद्र एफ/११ इतके लहान ठेवूनही स्पष्टतेची खोली, म्हणजे फोटोत स्पष्ट दिसणारा पट्टा, सव्वा मिलिमीटरच्या आसपासच मिळते, म्हणून फोकस डोळ्यावरच हवा. इतक्या लहान छिद्रातून रात्री पुरेसा प्रकाश येत नाही, त्यामुळे फ्लॅश अपरिहार्य ठरतो. मात्र बेडकाच्या ओल्या कातडीवर उघडा फ्लॅश पांढरे डाग पाडतो, म्हणून त्यापुढे मोठा, विषयाच्या शक्य तितका जवळ येणारा डिफ्यूझर (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) लावावा. बजेट तुटपुंजे असेल, तर महागड्या कॅमेरा बॉडीऐवजी जुनी, वापरलेली मॅक्रो लेन्स आणि साधा मॅन्युअल फ्लॅश घेणे केव्हाही चांगले.

बेडकाला फोटोसाठी हाताने उचलून हलवू नये. त्याची त्वचा हातावरचे डास पळवण्याचे मलमही शोषून घेते.