पाणी वाटलं ते चाललं, अर्ज भरले ते नाही?

रामकृष्ण हरी, माउली.

घरात तीन पिढ्यांची माळ, मुलगी बारावी सायन्सला 61 टक्के, तिला बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करायचीय आणि तुम्ही लिहिता, 'तिला फार्मसीसाठी समजवा.' टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती पत्राच्या शेवटच्या पानाची. आषाढीच्या वाटेवर ती पाणी वाटत होती, तेव्हा तुम्ही गावभर कौतुक केलंत. परतल्यावर तिने देवळाच्या ओट्यावर बसून दोन विधवा आजींचे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज भरले, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला चार खेपा घातल्या, तिथे एकदा आवाज चढवला, तर तुम्ही महिनाभर अबोला धरलात! 'भक्ती करावी, भांडणं नकोत,' म्हणता.

माउली, विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजी मे 1947 मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले. ती भक्ती नव्हती? गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात जातिभेदावर कोरडे ओढत. तुमची लेक त्याच वाटेने चालली आहे आणि तुम्ही तिला अडवताय. मी तिला समजावणार नाही.

आता 'सेवेचा पगार घेतला की पुण्य उरत नाही, नोकरी करून फावल्या वेळात करावी' या तुमच्या म्हणण्याबद्दल. दिंडीत आचाऱ्याला मजुरी देता, टँकरवाल्याला भाडं देता. त्याने पंगतीचं पुण्य कमी होतं का? पाणी फावल्या वेळात वाटता येतं. निराधारची फाइल तशी हलत नाही. एक कागद कमी पडला की पुन्हा पहिल्यापासून, आणि मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला. त्यासाठी कायदा, शासन निर्णय, फाइल कुठे अडते हे शिकलेलं, रोज त्याच कामावर असलेलं माणूस लागतं. त्या माणसालाही घर चालवायचं असतं.

बीएसडब्ल्यूला बारावीची कोणतीही शाखा चालते. पुढे एमएसडब्ल्यू, म्हणजे त्यातलीच पदव्युत्तर पदवी; त्यासाठी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसला जायचं तर सीयूईटी ही प्रवेश परीक्षा. सुरुवातीचा पगार बेताचाच असेल, हे तिला आधीच स्पष्ट सांगा. आणि आधी तो अबोला सोडा.

त्या दोन आजींचा निराधारचा पगार सुरू झाला का, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. तिला विचारा आणि मला कळवा.