हिरवा दिसला म्हणून पाचू नव्हे

प्रश्न : पेरिडॉटची (हिरव्या खड्याची) अंगठी सोनाराकडून लहान करून आणली. परत आली तेव्हा खडा धुरकट झालेला आणि कडेला केसासारखी चीर. सोनार म्हणतो, खडाच हलका होता. (धंतोली, नागपूर)

उत्तर : खडा हलका असेलही, पण ही लक्षणं टाका मारताना (धातू तापवून सांधताना) खडा कोंदणातच ठेवल्याची आहेत. सांधा मागच्या बाजूला असला तरी धातूतून आच क्षणात खड्यापर्यंत पोचते. पेरिडॉटला एकदम तापणं-निवणं सोसत नाही, तो तडकतो. त्यानंतर काजळी काढायला अंगठी गंधकाम्लाच्या पाण्यात बुडवतात. पेरिडॉट म्हणजे मॅग्नेशियम-लोहाचं सिलिकेट. आम्ल त्याचा पृष्ठभाग खातं आणि चकाकी जाते. धुरकटपणा पुन्हा पॉलिश करून निघेल, वजन किंचित घटेल. चीर मात्र बुजत नाही. ती कडेपुरती असेल तर खडा नव्याने घासता येतो, पण तो लहान होतो आणि जुन्या कोंदणात बसत नाही.

पुढच्या वेळी खडा काढूनच काम करायला सांगा आणि त्याचं वजन कॅरटमध्ये पावतीवर लिहून घ्या. (1 कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम.)

प्रश्न : पेरिडॉटची अंगठी रोज वापरते. चांदीसारखी लिंबू-चिंचेनं घासली तर चालेल? (महाल)

उत्तर : नको, तेही आम्लच. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब टाका, बाळाच्या मऊ ब्रशनं खड्याची मागची बाजू घासा, साध्या पाण्यानं धुवा. तेलकटपणा मागच्या बाजूलाच साचतो. दुकानातलं अल्ट्रासोनिक मशीन आणि वाफ, दोन्ही टाळा. नागपूरच्या मे महिन्यात घामही फार, म्हणून रात्री अंगठी काढून ओल्या कापडानं पुसा. कोरडं पुसू नका : धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांची कठीणता (मोह्सच्या 1 ते 10 मापावर) 7, पेरिडॉटची साडेसहा ते सात. नीलम, पुष्कराजासोबत एका डबीत तर मुळीच नको.

प्रश्न : बुधासाठी पाचूऐवजी पेरिडॉट चालतो म्हणतात. काच नाही हे कसं ओळखावं? (सीताबर्डी)

उत्तर : नवरत्नांत बुधाचा पाचूच, पेरिडॉट त्याचं स्वस्त उपरत्न म्हणून विकला जातो. घालणं न घालणं तुमच्या श्रद्धेवर. गोंधळ मात्र जुना आहे : लाल समुद्रातल्या झबरगाद बेटावरचे हे खडे युरोपात पाचू म्हणून खपले. जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलमधले काही ‘पाचू’ही पेरिडॉटच निघाले.

ओळखायला दहापट भिंग घ्या. वरून आत पाहा, मागच्या पैलूंच्या कडा जोडीनं दिसतील. खडा तिरपा करून दोन-तीन दिशांनी पाहा, कारण काही दिशांनी जोड दिसत नाही. काचेत ती कधीच दिसत नाही. झिरकॉन या दुसऱ्या रत्नाच्या काही हिरव्या खड्यांत मात्र तीही दिसू शकते. तेव्हा महागडा खडा असेल तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा.