काच काळी, घाम तोच

एप्रिल लागला की या सदराच्या टपालात काचेवर चिकटवायच्या फिल्मचीच पत्रं जास्त. माझं दुकान नागपूरचं, काचेचं आणि फिल्मचं, त्यामुळे ऊन काय चीज आहे हे मला कुणी समजावून सांगायला नको. बऱ्याच पत्रांत मागणी एकच दिसते: 'जास्तीत जास्त काळी सुचवा.' काळं काय करतं आणि काय करत नाही, ते उत्तरांच्या ओघात येईलच.

काका, नवी गाडी घेतली आहे. मित्र म्हणतो, केरळच्या हायकोर्टानं फिल्मला परवानगी दिली, आता 50 टक्क्यांची (निम्मा उजेड सोडणारी) फिल्म बिनधास्त लाव. लावू का?
– ओंकार, अकोला

मित्रानं अर्धीच बातमी वाचली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 100 असं सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. 27 एप्रिल 2012 ला सुप्रीम कोर्टानं अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल दिला. काच कारखान्यातूनच तेवढी रंगून आली तर चालेल, वरून मात्र कोणतीही फिल्म चिकटवायची नाही, मग ती कितीही फिकी असो. 4 मे 2012 पासून अंमल सुरू झाला. त्या महिन्यात आमच्याकडे फिल्म लावायचं काम ठप्प आणि काढायचं जोरात! ज्या गाड्यांना आम्हीच मार्चमध्ये फिल्म लावली होती, त्याच परत दारात उभ्या. तेव्हापासून मी गाड्यांचं काम सोडलं आणि इमारतींकडे वळलो.

पुढे नियम 100 बदलला. 1 एप्रिल 2021 पासून त्यात काचेबरोबर 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं, म्हणजे आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काच. सप्टेंबर 2024 मध्ये केरळ हायकोर्टानं याच बदलावर बोट ठेवून म्हटलं की 70 आणि 50 टक्क्यांची अट पाळणारी फिल्म चालेल. पण सुप्रीम कोर्टाचा 2012 चा निकाल काही रद्द झालेला नाही, आणि अकोल्याच्या चौकात शिट्टी मारणारा हवालदार केरळचा निकाल खिशात घेऊन फिरत नाही.

आता ते 50 टक्के. हे गणित दुकानदार सहसा सांगत नाहीत. गाडीची मूळ काच साधारण 75 ते 80 टक्के प्रकाश सोडते. तिच्यावर 50 टक्क्यांची फिल्म लावली की हिशेब 75 चा निम्मा, म्हणजे 37-38 टक्के. केरळच्या निकालातही ही काच बसत नाही! 70 टक्क्यांची फिल्म लावलीत तर कुठे 52 ते 56 वर येता, तेही फक्त बाजूला.

माझं मत विचाराल तर थांबा. गाडी उभी करताना पुढच्या काचेला आतून चंदेरी सनशेड लावा, कारण डॅशबोर्ड तापतो तो त्याच काचेतून. निघताना एका बाजूची काच खाली करून समोरच्या बाजूचं दार चार-पाच वेळा उघडझाप करा, कोंडलेली हवा बाहेर जाते. मग एसी लावा.

आमचा फ्लॅट पश्चिमेचा. दुकानदारानं लाल दिव्यासमोर दोन काचा धरून दाखवल्या. एकीमागे हात पोळत होता, फिल्मच्या काचेमागे काहीच नाही. 'सत्त्याण्णव टक्के उष्णता बंद' म्हणाला. दर ऐकून घाम फुटला. घ्यावी का?
– मीनल देशपांडे, पुणे

मीनलताई, तो दिवा म्हणजे आमच्या धंद्यातली जुनी जादू. त्यातून जवळजवळ नुसते अवरक्त किरण निघतात, म्हणजे डोळ्याला न दिसणारी पण अंगाला भासणारी उष्णता. उन्हाचं तसं नाही. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात साधारण अर्धी ऊर्जा अवरक्त, अर्ध्याला थोडी कमी दिसणाऱ्या उजेडाची, आणि थोडीशी अतिनील. त्यामुळे अवरक्त अडवणारी फिल्म दिव्यापुढे शंभर नंबरी ठरते आणि खऱ्या उन्हात साठ नंबरी. शिवाय ते 97 टक्के बहुतेक वेळा अवरक्ताच्या एका अरुंद पट्ट्यातले असतात, सगळ्या अवरक्ताचे नाहीत.

साधी काळी डायची, म्हणजे नुसता रंग दिलेली, फिल्म याच्या उलट. उजेड अडवते, अवरक्त बरंचसं सोडते. खोली अंधारते, तापायची मात्र फारशी कमी होत नाही, आणि दुपारी ट्यूबलाइट लावायची पाळी येते.

म्हणून दुकानात एकच आकडा विचारा: टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती आत येत नाही. चांगल्या सिरॅमिक फिल्मचा (अवरक्त अडवणारे बारीक कण असलेल्या) हा आकडा 50-60 च्या आसपास असला तरी पुष्कळ झालं. दुकानदार तो सांगायला टाळाटाळ करत असेल तर बाहेर पडा.

आणखी एक करा. फिल्मचा कागदाएवढा तुकडा मागून घ्या, नुसत्या साबणपाण्यानं एका खिडकीच्या अर्ध्या काचेवर चिकटवा, आणि दोन दिवस दुपारी चारला दोन्ही अर्ध्यांमागे हात धरून बघा. दिव्याची गरज नाही.

सगळ्या खिडक्यांना लावू नका. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो (शून्य सावलीचा दिवस तो हाच), आणि जुलैच्या शेवटापर्यंत मध्यान्हीला किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला ऊन जवळपास नाहीच. तिथे फिल्म लावून हिवाळ्यातलं छान ऊन मात्र घालवाल. पश्चिमेला छज्जा उपयोगाचा नाही, कारण चारनंतरचं तिरकं ऊन त्याच्या खालून आत शिरतं. तिथे फिल्मला अर्थ आहे. धंद्याच्या विरुद्ध बोलतो आहे, पण बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूला बांबूची चटई सोडता येत असेल तर ती आधी सोडा. काचेपर्यंत ऊन पोचूच न देणं हे कुठल्याही फिल्मपेक्षा सरस. आमच्याकडे वाळ्याच्या ताट्या उगाच नव्हत्या.

आणि वरचा मजला असेल तर तापतो तो स्लॅब. त्याला फिल्म काय करणार?

फिल्म लावून महिना झाला आणि हॉलच्या मोठ्या काचेला आपोआप तडा गेला. लावणारा म्हणतो, मुलांनी चेंडू मारला असेल. कुणाचं खरं?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

काचेलाच विचारा. तडा कडेपासून सुरू झाला आहे का, ते बघा. सुरुवातीला चौकटीशी काटकोनात इंच-दोन इंच सरळ जाऊन मग वळत, लाटेसारखा पुढे गेला असेल, तर तो उष्णतेचा तडा. चेंडूचा असता तर एका ठिपक्यातून चांदणीसारख्या रेघा फुटलेल्या दिसल्या असत्या.

होतं असं की ऊन शोषणाऱ्या फिल्ममुळे काचेचा मधला भाग खूप तापून फुगू बघतो, आणि चौकटीत दडलेली कड थंडच राहते. कडेवर ताण येतो, आणि कापताना तिथे बारीकसा टवका राहिला असला तर काच तिथूनच सुटते. आधीच रंगीत काच, आत तारेची जाळी असलेली काच आणि दोन थरांची बंद काच यांना हा धोका जास्त. टफन, म्हणजे तापवून कणखर केलेल्या, काचेला फारच कमी. चांगला कारागीर आधी काच कोणती ते बघतो आणि मग फिल्म ठरवतो. तुमच्या माणसानं बघितली नसेल, तर भरपाई मागायला तुम्ही मोकळे आहात. तड्याचे फोटो कडेसकट काढून ठेवा.

तळमजल्यावर राहतो. आरशासारखी फिल्म लावली. दिवसा बाहेरून काही दिसत नाही, पण रात्री शेजारीण म्हणाली, 'वहिनी, काल टीव्हीवर कोणती मालिका बघत होतात?' फिल्म खोटी निघाली का?
– सुनंदा, सातारा

फिल्म खरी आहे. ती उजेडाच्या बाजूला आरसा होते. दिवसा उजेड बाहेर, म्हणून आरसा बाहेर. रात्री दिवा तुमच्याकडे, म्हणून आरसा तुमच्याकडे आणि सिनेमा शेजारणीला. रात्री पडदा ओढा. वहिनी, यावर दुसरी फिल्म कुणी विकायला आला तर घेऊ नका.

जुन्या गाडीच्या मागच्या काचेवरची फिल्म जांभळी पडून फुगे आले आहेत. घरीच काढता येईल का?
– निवृत्त शिक्षक, सांगली

येईल, पण सर, ब्लेड हातात घेऊ नका. मागच्या काचेवर आतून तपकिरी आडव्या रेघा आहेत, त्या डिफॉगरच्या. ब्लेड फिरलं की त्या तुटतात आणि मग पावसाळ्यात काचेवरची वाफ हटत नाही.

जांभळं पडणं म्हणजे स्वस्त डाय उन्हात उडाला. फुगे म्हणजे गोंद मेला. मेलेला गोंद नुसत्या ओढण्यानं काचेवरच राहतो, म्हणून वाफ हवी. कपड्यांचा स्टीमर मिळाला तर उत्तम. गाडी सावलीत घ्या, वरच्या एका कोपऱ्यावर वाफ धरा, नखानं कड उचला, आणि फिल्म काचेशी जवळजवळ समांतर ठेवून, रेघांच्याच दिशेनं, आडवी, हळू ओढत जा. तुम्ही ओढता त्याच्या एक-दोन बोटं पुढे वाफ चालली पाहिजे. घाई केली तर फिल्मचे दोन थर सुटतात, वरचा हातात येतो आणि गोंदाचा काचेवर राहतो. राहिलेल्या गोंदावर कोमट साबणपाणी फवारा, वर वर्तमानपत्र चिकटवून अर्धा तास ठेवा, मग मऊ फडक्यानं, पुन्हा आडवंच पुसा.

आरशाची फिल्म लावल्यापासून एक बुलबुल रोज सकाळी खिडकीवर चोची मारतो. काय करू?
– अनघा, रत्नागिरी

त्याला काचेत दुसरा बुलबुल दिसतो आणि तो आपल्या हद्दीतून त्याला हाकलतो आहे. घरटं करायच्या दिवसांत हे जास्त चालतं. बाहेरच्या बाजूनं कागद किंवा जुनी ओढणी लावून प्रतिबिंब मोडा, काही आठवड्यांत नाद सोडेल. पण आरशात झाडं-आभाळ दिसून पक्षी वेगानं येऊन आपटत असतील तर ते गंभीर. मग काचेवर बाहेरून ठिपके काढा, दोन ठिपक्यांत आडवं-उभं दोन इंचांपेक्षा जास्त अंतर नको. घारीचं एकच स्टिकर लावून काही होत नाही, पक्षी त्याच्या शेजारी आपटतात.