इंदूरला राहतो, रोज दूध-दही खातो. मधुमेहाचा धोका वाढतो का?

नाही, साध्या दूध, दही, ताकाने मोठ्या माणसांत टाइप २ मधुमेहाचा धोका वाढल्याचं दिसत नाही. दह्याने तो किंचित कमीच होत असावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये आठवड्याला किमान २ कप दह्याबाबत तसा दावा करू दिला, पण ‘पुरावा मर्यादित’ हे सांगण्याच्या अटीवर. अभ्यास बहुतेक निरीक्षणाचे आहेत, म्हणजे लोक काय खातात ते नुसतं पाहिलेले. दही खाणारे एरवीही जपून खात असतील, त्यामुळे फायदा दह्याचाच असं ठाम म्हणता येत नाही. घात करते ती साखर. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीतली रबडी, आपली आटीव दुधाची शिकंजी, श्रीखंड हे कृपा करून ‘दूध-दही’ म्हणून मोजू नका. श्रीखंडाच्या चक्क्यात बहुधा त्याच्याच वजनाइतकी साखर पडते. जेवणात वाटीभर बिनसाखरेचं दही पुरे. मधुमेह आधीच असेल, तर कपभर दुधात सुमारे १२ ग्रॅम कर्बोदकं धरून पोळी-भाताचा हिशोब करा.