इटालियन साहेबाशी कसं वागावं?

प्रश्न : पुण्याहून बोलोन्याजवळच्या पॅकेजिंग यंत्रांच्या कंपनीत रुजू होतोय. साहेब इंग्रजी मेलखाली नुसतं पहिलं नाव लिहितात. मीही नावानेच हाक मारू का?

थोडं थांबा. मेलमधला मोकळेपणा इंग्रजीचा असतो. इटालियनमध्ये आपल्यासारखीच दोन रूपं आहेत : 'तू' आणि 'लेइ'. 'तू' उच्चारासकट आपलाच. 'लेइ' म्हणजे अहो-जाहो. अहोवरून अरेवर यायचं ते वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने सुचवल्यावर. अमेरिकनांना हे शिकवावं लागतं, आपल्याला घरचंच आहे. शिवाय नावाआधी पदवी. साधा पदवीधरसुद्धा 'दोत्तोरे', त्याला पीएचडी लागत नाही, इंजिनिअर 'इंजेन्येरे'. फियाट मोटार कंपनीचे मालक जान्नी आन्येल्ली यांनी वकिली कधी केली नाही, तरी कायद्याच्या पदवीवर अख्खा देश त्यांना 'आव्वोकातो', म्हणजे वकीलसाहेब म्हणायचा. तरुण मंडळींच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी 'तू' निघतं. निघू दे, पण त्यांच्याकडून.

प्रश्न : मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, मी मिनिट्सही पाठवली. आठवड्याभरात निर्णय फिरला. चूक कुणाची?

मीटिंगमध्ये निर्णय होतो असं तुम्ही धरून चाललात, तिथेच गफलत झाली. तिकडच्या असंख्य कंपन्या घरच्या आहेत, अगदी मोठ्यासुद्धा. मीटिंग बऱ्याचदा मतं ऐकायला असते. शेवटचा शब्द मालकाचा, 'पाद्रोने'चा. किर्लोस्करवाडी-इचलकरंजीकडे वाढलेल्यांना 'मालकांना विचारून सांगतो' हे वाक्य नवं नाही. तक्त्यावर कोण कुणाच्या खाली आहे ते बघू नका, मालक कुणाचं ऐकतो ते शोधा. कधी तो जुना फोरमन असतो, कधी हिशेब बघणाऱ्या बाई.

माझा एक प्रस्ताव तीन आठवडे अडकला होता. मी स्मरणपत्रं पाठवत बसलो. शेवटी तो सुटला कॉफीच्या मशीनपाशी, इवल्याशा प्लास्टिकच्या कपातले दोन घोट संपायच्या आत. खरेदीवाल्याने हळूच सांगितलं की किमतीबद्दल कुणाचीच तक्रार नाही, पण मालकांनी मला अजून पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर जेवलो, पहिला तासभर कामाचं अक्षरही निघालं नाही. तेव्हा मेल पाठवा, पण त्याआधी फोन करा, आणि जमलं तर समोर जा.

प्रश्न : साहेब आणि सहकारी एकमेकांचं बोलणं तोडून तावातावाने भांडतात. ऑफिसात राजकारण आहे का?

असेलही, पण आवाजावरून ठरवू नका. मधेच बोलणं म्हणजे तिथे लक्ष देऊन ऐकणं. अर्ध्या तासाने तीच माणसं एका टेबलावर पास्ता खाताना दिसतील.

प्रश्न : टी-शर्टवर गेलं तर चालतं ना? फियाटचे प्रमुखच स्वेटरवर असायचे.

सेर्जो मार्किओन्ने 2004 साली आले तेव्हा फियाट बुडायच्या बेतात होती. त्यांनी ती सावरली, म्हणून स्वेटर खपला. तुम्ही इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घाला.

प्रश्न : ऑगस्टमध्ये कुणीच उत्तर देत नाही. वरपर्यंत तक्रार करू का?

वरचेही समुद्रावरच असतील. 15 ऑगस्ट हा त्यांचा 'फेर्रागोस्तो', आणि त्याच्या मागेपुढे दोन-तीन आठवडे कित्येक कारखान्यांना कुलूप असतं. पगारी वार्षिक रजा हा तिथे राज्यघटनेतला हक्क आहे. कलम 36 प्रमाणे कामगाराला तो स्वतःहून सोडताही येत नाही. त्यामुळे रजा न घेता राबल्याचं कौतुक तिथल्या साहेबाकडून अपेक्षू नका. सुटे भाग, सह्या, ड्रॉइंगची मंजुरी, जे काही हवं ते जुलैच्या मध्याआधी मागून घ्या.