साडेतीन वर्षांच्या मुलाला लिहायचा होमवर्क?

प्रश्न: ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, नर्सरीत जातो. रोज एक पान अ आ इ लिहून आणायला सांगतात, तो पेन्सिल धरली की रडायलाच लागतो. काय करू?

उत्तर: आधी ते पान बंद करा, खरंच. या वयात मनगटातली हाडं अजून पूर्ण तयार झालेली नसतात, बोटांत तेवढी ताकद नसते, म्हणून तो रडतो, आळशी आहे म्हणून नाही. त्याऐवजी कणकेचा गोळा द्या मळायला, वाटाणे सोलू द्या, मणी ओवू द्या, अंगणात खडूने मोठ्ठे गोल काढू द्या, लिहिण्याची खरी तयारी हीच असते. आपल्याकडे बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालवाडी काढली, तिथे शंख-शिंपले, बिया, पानं हेच साहित्य होतं! आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणातही 3 ते 8 वर्षांच्या टप्प्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे, हे बाईंना शांतपणे दाखवा, भांडू नका, त्यांच्यावरही बाकीच्या पालकांचं प्रेशर असतं. रात्री मात्र रोज एक गोष्ट सांगा, आणि मधेच थांबून 'मग काय झालं असेल?' असं त्यालाच विचारा.