मुलाला ‘घरी न्या’ असं सांगितलंय. एका खोलीच्या घरात त्याची काळजी घेता येईल का?

तुम्ही लिहिलंय की सात वर्षांच्या भाच्याच्या ब्लड कॅन्सरवर आता इलाज उरलेला नाही, मानखुर्दला एका खोलीत पाच माणसं राहतात, आणि डॉक्टरांनी दुखणं कमी करायला दिलेलं मॉर्फिन द्यायला तुमची बहीण घाबरते.

काळजी घेता येईल. अशा मुलांना घरी जाऊन बघणाऱ्या टीममध्ये मी नर्स आहे आणि आमची बहुतेक घरं एवढीच असतात. खोली लहान म्हणून फारसं अडत नाही. अडतं ते रात्री, सगळे दवाखाने बंद झाल्यावर. म्हणून तयारी रात्रीची करायची.

आधी मॉर्फिन. शेजारपाजारचे सांगतील, ‘ते शेवटचं औषध असतं’, ‘पोराला नशा लागेल’. दुखण्यासाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात दिलं तर तसं होत नाही, आणि त्याने मूल लवकरही जात नाही. मॉर्फिनची साधी गोळी जेमतेम चार तास पुरते. म्हणून दुखायची वाट न बघता घड्याळ बघून द्यायची. दुखणं एकदा चढलं की तेवढ्याच गोळीने उतरत नाही. रात्रीच्या डोसला उठवायचं की नाही आणि मध्येच दुखलं तर जादा किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पोट साफ व्हायचं औषध सोबत रोज हवंच. ते बंद केलं की चार दिवसांनी पोर पोटदुखीने कळवळतं आणि खापर मॉर्फिनवर फुटतं. गोळ्या कुलपात ठेवा. मूल हलवूनही नीट जागं होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर पुढचा डोस न देता आधी डॉक्टरांना फोन करा.

गोवंडीतल्या एका घरात आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. चौथीतल्या मोठ्या बहिणीने कालनिर्णयच्या रोजच्या चौकोनात प्रत्येक गोळीचा हिरवा ठिपका काढायचं काम अंगावर घेतलं. मधल्या वेळी दुखलं आणि जादा गोळी द्यावी लागली की लाल ठिपका. आमच्या डॉक्टरांनी भिंतीवरचं ते पान बघूनच डोस वाढवला, कारण लाल ठिपके सगळे मध्यरात्रीनंतरचे होते. (अशी मुलगी घरात असेल तर तिला सारखं ‘तू बाहेर खेळ’ म्हणून हाकलू नका.)

ब्लड कॅन्सरमध्ये नाकातून, हिरड्यांतून रक्त येऊ शकतं. ब्रुफेनसारख्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल हाताशी ठेवा. पांढऱ्या कपड्यावर थोडं रक्तही फार दिसतं आणि पोर घाबरतं.

मदत कुठे? टाटा हॉस्पिटलचा पॅलिएटिव्ह विभाग (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारा) घरी टीम पाठवतो. फाइल तिथलीच असेल तर आधी तिकडे जा. अगदीच झेपेनासं झालं तर वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांना ठेवून घेणारं, १९८६ पासूनचं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं अशाच काळजीचं केंद्र आहे. साध्या केमिस्टकडे मॉर्फिन सहसा मिळत नाही. २०१४ साली कायदा बदलून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं, त्यामुळे ते तिथूनच, संपायच्या आठवडाभर आधी आणायचं.

‘मी बरा होणार ना?’ असं तो रात्रीच विचारेल. ‘हो’ म्हणून विषय मिटवू नका. ‘तुला असं का वाटलं?’ विचारून गप्प बसा. बहुतेक मुलांना खरं तर दुखेल का आणि आई जवळ असेल का, एवढंच विचारायचं असतं.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण आत्ताच करा. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला डॉक्टरांकडून लागतो. वस्तीतल्या डॉक्टरांना आजच केसपेपर दाखवून मुलाला तपासायला बोलवा. न पाहिलेल्या मुलाचा दाखला कोणी देत नाही, आणि मग नको तेव्हा पोलिसांपर्यंत जावं लागतं.

तुम्ही जवळ राहत असाल तर दुपारी दोन तास त्याच्यापाशी बसा. बहिणीला तेवढा वेळ शेजारच्या घरी झोपू द्या. त्याच खोलीत राहिली तर ती डोळा मिटणार नाही.